निवडणुका, रेडी रेकनर आणि रेपो दर: महाराष्ट्रात घर घेताना कोणत्या तारखा बघायच्या?

दस्तलेखक

निवडणूक आली की घर घेऊ पाहणाऱ्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "थांबा, निकालानंतर भाव उतरतील." दुसरा, "आत्ताच घ्या, नंतर सरकार सगळं महाग करेल." पहिल्या सल्ल्याला गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात आधार सापडत नाही. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे आणि ते किती हे मोजता येतं, म्हणून हा धागा.

आधी रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्क मोजायला सरकारने भागवार ठरवलेले मिळकतींचे दर, सरकारी भाषेत वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. एरवी तो १ एप्रिलला बदलतो. २०१७-१८ मध्ये राज्यात सरासरी ५.८६ टक्के वाढ झाली. त्यानंतर २०१८-१९ आणि २०१९-२० कोरडी गेली. २०१९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही होत्या. कोविडच्या वर्षी दर एप्रिलऐवजी सप्टेंबरात आले, सरासरी १.७४ टक्के. एप्रिल २०२२ मध्ये ४.८१ टक्के. मग २०२३-२४ आणि २०२४-२५ पुन्हा जैसे थे, कारण २०२४ मध्ये पुन्हा दोन्ही निवडणुका. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला आणि पुढच्याच १ एप्रिलला मुंबई सोडून राज्यात सरासरी ४.३९, तर मुंबईत ३.३९ टक्के वाढ झाली.

आता ही वाढ खिशाला किती लागते ते बघू. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनरचं मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं. पुण्यात करार ७० लाखांचा आहे आणि रेकनर ७२ लाख दाखवतो असं धरा. ७ टक्क्यांनी शुल्क ५,०४,००० रुपये. रेकनर ४ टक्क्यांनी वाढला तर मूल्य ७४,८८,००० आणि शुल्क सुमारे ५,२४,२०० रुपये. फरक वीस हजारांचा. पण तोच करार ७५ लाखांचा असेल तर फरक शून्य, कारण वाढलेला रेकनरही कराराच्या खालीच राहतो. ज्या भागात बाजारभाव रेकनरच्या बराच वर आहे, तिथे "१ एप्रिलच्या आत सही करा" या घाईला खरेदीदाराच्या बाजूने काही अर्थ नाही.

बिल्डरला मात्र तीच वाढ जास्त लागते. फंजिबल एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम क्षेत्र) आणि इतर प्रीमियम रेकनरच्या जमीन दरावर ठरतात. मुंबईतला मालमत्ता करसुद्धा भांडवली मूल्यावर आहे आणि ते मूल्य रेकनरवरून काढतात. म्हणजे रेकनरची खरी झळ नव्या प्रकल्पांच्या खर्चातून, दोन-तीन वर्षांनी येते.

निवडणुकीमुळे निर्णय पुढेमागे होतात. भाव ठरतो तो हप्ता, पुरवठा आणि बिल्डरच्या हातातला पैसा यांवर. यापेक्षा वेगळं मत असेल तर आकड्यांसह लिहा.

हप्तेवारी

सहमत, आणि हप्त्याचं मी लिहितो, कारण सगळ्यात मोठा खेळ तिथेच आहे.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मे २०२० पासून ४ टक्के होता. ४ मे २०२२ ला ४.४०, जूनला ४.९०, ऑगस्टला ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरला ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. तिथे तो थेट फेब्रुवारी २०२५ पर्यंत थांबला. या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, दर जागचा हलला नाही. नंतर फेब्रुवारी २०२५ ला ६.२५, एप्रिलला ६, जूनला ५.५० आणि डिसेंबर २०२५ ला ५.२५. व्याजदर निवडणुकीच्या तारखेवर चालत असते तर २०२४ मध्येच उतरले असते. पतधोरण समिती बघते ती महागाई, ४ टक्के आणि दोन्ही बाजूंना २ टक्के ही चौकट धरून.

५० लाखांचं कर्ज, २० वर्षं: ९.५ टक्क्यांना हप्ता ४६,६०७, ८.५ टक्क्यांना ४३,३९१ आणि ७.५ टक्क्यांना ४०,२८० रुपये. एका टक्क्याला महिन्याकाठी तीन हजारांहून जास्त, तेही वीस वर्षं. वर सांगितलेल्या रेकनरच्या वीस हजारांशी तुलना करा.

आता खरी मेख. बऱ्याच बँका दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात. २०२२ च्या सुरुवातीला कुणी ५० लाख ६.७५ टक्क्यांनी घेतले असतील तर हप्ता ३८,०१८. रेपो अडीच टक्के वाढला आणि तेवढाच कर्जाला लागला, तर दर ९.२५. पूर्ण ५० लाखांवर एका महिन्याचं व्याज ३८,५४२ रुपये! म्हणजे हप्ता भरूनही व्याजच पुरं फिटत नाही, मुद्दल वाढत जातं. ९ टक्क्यांना थांबला असता तरी त्या हप्त्यात कर्ज फिटायला साधारण ४८ वर्षं लागली असती. प्रत्यक्षात दर टप्प्याटप्प्याने वाढले आणि मधल्या काळात थोडं मुद्दल फिटलं, म्हणून ही वेळ सगळ्यांवर आली नाही, पण अनेकांची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली. यावर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं: दर बदलताना बँकेने ग्राहकाला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं, स्थिर दरावर जायचं की काही रक्कम आधी भरायची, हे विचारलं पाहिजे. आणि हप्त्यात निदान व्याज तरी निघालं पाहिजे.

म्हणून मंजुरीपत्रात चार गोष्टी बघा:
१. दर कशाला बांधला आहे, रेपोला, एमसीएलआरला (बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणारा दर) की गृहवित्त कंपनीच्या स्वतःच्या दराला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं बाह्य मानदंडाला, म्हणजे रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला, बांधलेली असतात. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही, त्यामुळे तिथे कपात उशिरा येते किंवा अर्धीच येते.
२. रेपोच्या वर किती टक्के लावलेत. बँक तीन वर्षं हा फरक सहजासहजी वाढवू शकत नाही.
३. दर किती महिन्यांनी बदलतो. बाह्य मानदंडाला किमान तीन महिन्यांत एकदा.
४. दर उतरल्यावर हप्ता कमी होणार की मुदत. मुदत कमी होऊ देणं जवळपास नेहमीच फायद्याचं.

नवी सही

दोन्ही प्रतिसाद वाचून एक शंका. ३१ मार्चला दुय्यम निबंधक कार्यालयात तोबा गर्दी असते, सर्व्हरही रडतो. त्या दिवशी नोंदणी झालीच नाही तर जुना रेकनर हातचा जातो का?

दस्तलेखक

नाही जात. ताई, सही आणि नोंदणी या दोन वेगळ्या तारखा आहेत.

मूल्य ठरतं ते दस्त निष्पादनाच्या, म्हणजे सह्या झाल्याच्या तारखेला. मुद्रांक शुल्क सहीच्या आधी, त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं हवं. नोंदणीला सहीपासून चार महिने मिळतात. त्यानंतरही आणखी चार महिने, पण दंडासह, आणि दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये, म्हणजे दंडाची झेप कुठवर जाते ते कळेल.

क्रम असा ठेवा. मसुदा वाचून अंतिम करा. ग्रास प्रणालीवर (राज्य सरकारची ऑनलाइन भरणा सेवा) चलन काढा. चलनावर दोन्ही पक्षांची नावं, मिळकतीचं वर्णन आणि दस्ताचा प्रकार करारातल्याप्रमाणे तंतोतंत. मग सह्या, तारीख हाताने स्पष्ट. मग संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरून क्रमांक घ्या आणि सवडीने वेळ ठरवा. घोळ होतो तो चलनात. नावाचं एक अक्षर चुकलं किंवा फ्लॅट क्रमांक वेगळा पडला की निबंधक दस्त परत करतो, आणि नवं चलन एप्रिलचं असेल तर जुन्या दराचा मुद्दा सिद्ध करत बसावं लागतं. सहीनंतर करारात खाडाखोड करू नका, तारखेजवळ तर मुळीच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये, मुद्रांक शुल्काच्या सवलतीत, हाच नियम लाखो रुपयांचा ठरला. त्याबद्दल वेगळं लिहायला हवं.

हप्तेवारी

लिहा की. त्या सवलतीचा फायदा शेवटी कुणाला झाला यावर इथे आधी वाद झालेला आहे.

दस्तलेखक

लिहितो.

मुंबईत तेव्हा शुल्क ५ टक्के होतं. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० ते २ टक्के झालं आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के. एक कोटीच्या फ्लॅटवर आधी ५ लाख, मग २ लाख. डिसेंबर २०२० मध्ये एकट्या मुंबईत १९ हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे नोंदणी ठप्प होती. शिवाय ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरून सह्या केलेल्यांना २ टक्क्यांच्या दरातच पुढे चार महिन्यांत नोंदणी करता आली.

लक्षात घ्या, त्या वेळी राज्यात कोणतीही मोठी निवडणूक नव्हती. गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी सवलत मंदीतून बाजार उठवायला आली, मतांसाठी नाही.

फायदा कुणाला? माझं मत: डिसेंबरपर्यंत खरेदीदाराला, कारण बिल्डरकडे न विकलेले तयार फ्लॅट पडून होते आणि रेपोही ४ टक्क्यांवर होता. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने बांधकाम प्रीमियममध्ये ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ५० टक्के सूट दिली, अट अशी की सूट घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरायचं. इथे फायदा विभागला गेला. ज्यांनी फक्त "शुल्क माफ" ही पाटी बघितली आणि दर चौरस फुटाची आधीच्या महिन्याशी तुलना केली नाही, त्यांच्यापैकी कित्येकांनी ते पैसे मूळ किमतीतून दिले.

सवलत मागणी निर्माण करण्यापेक्षा तिला अलीकडे ओढते. पुढच्या सहा-बारा महिन्यांत घर घेणारे त्या चार महिन्यांत येतात. म्हणून सवलत संपल्यानंतरचे दोन-तीन महिने घासाघीस करायला चांगले.

मेट्रो अधिभाराचंही तेच. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात मुंबई महानगर, पुणे आणि नागपूरला एक टक्का सूट दोन वर्षांसाठी दिली. मुदत संपली आणि १ एप्रिल २०२२ पासून मुंबईत ६, पुण्यात आणि ठाण्यात ७ टक्के झाले. मुदतीची सवलत जाहीर होते त्याच दिवशी तिची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवावी.

महिलांच्या एक टक्का सवलतीबद्दल विचारणा होतेच, म्हणून इथेच: ती एप्रिल २०२१ पासून निवासी मिळकतीला आहे आणि खरेदीदार फक्त महिला असेल तरच. पती सहखरेदीदार म्हणून करारात आला की गेली. कर्जात तो सहकर्जदार राहू शकतो का, हे बँकेशी आधी बोलून घ्या; काही बँका सहकर्जदाराचं नाव करारातही मागतात आणि मग सवलत अडकते. पंधरा वर्षं पुरुषाला विकायची नाही ही जुनी अट २०२३ मध्ये निघाली.

कॉलम बीम

बांधकामाच्या बाजूने आचारसंहितेचं लिहितो. त्याबद्दल खरेदीदारांना बरंच खोटं सांगितलं जातं.

आचारसंहितेत नव्या घोषणा, नव्या निविदा आणि भूमिपूजनं थांबतात. चालू काम थांबत नाही. खासगी प्रकल्पाला तर तिचा थेट संबंधच नाही. मग काम का रेंगाळतं? तीन कारणं. महापालिकेतल्या इमारत प्रस्ताव विभागापासून निबंधक कार्यालयापर्यंतचे कर्मचारी निवडणूक कामाला लागतात, त्यामुळे सुधारित नकाशा, जोता तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र अशा फायली टेबलावर थांबतात. दुसरं, मजूर. उत्तर प्रदेश-बिहारला मतदान असलं की गवंडी, सेंटरिंगवाले, फरशीवाले गावी जातात आणि सण जोडून परततात. स्लॅबची तारीख त्यांच्यावर असते. सेंटरिंगची टोळी गेली की पुढचा स्लॅब दोन ते चार आठवडे सरकतो. तिसरं, पैसा. बिल्डर मोठे हप्ते निकालानंतर सोडतो, पुरवठादारही उधारी आवळतात.

पण ताबा लांबला आणि पत्रात "आचारसंहितेमुळे" लिहून आलं, तर ते मान्य करू नका. रेरा, म्हणजे स्थावर मिळकत नियमन कायद्याच्या कलम ६ मध्ये मुदतवाढीसाठीची आपत्ती स्पष्ट लिहिली आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा इतर नैसर्गिक आपत्ती. निवडणूक त्यात नाही. तारीख चुकली तर राहायचं असल्यास दरमहा व्याज मागता येतं, बाहेर पडायचं असल्यास व्याजासह परतावा. महाराष्ट्रात ते व्याज स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर २ टक्के.

महारेराच्या (राज्याचं रेरा प्राधिकरण) पानावर प्रकल्प उघडा आणि हे बघा: मूळ पूर्णत्वाची तारीख आणि आत्ताची, दोन्ही. किती वेळा वाढवली. तिमाही प्रगती अहवाल भरलाय का. अहवालात ८० टक्के काम आणि साइटवर प्लास्टरही नाही, असं असेल तर तिथून निघा. करार नोंदण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊच शकत नाही, मग ती "निवडणूकपूर्व खास योजना" असो की आणखी काही.

नवी सही

म्हाडाच्या सोडतीलाही आचारसंहिता लागते ना?

कॉलम बीम

हो, ती सरकारी आहे. जाहिरात आणि सोडत दोन्ही त्या काळात अडतात. मुंबई मंडळाची २,०३० घरांची सोडत ८ ऑक्टोबर २०२४ ला निघाली आणि आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. त्याच सोडतीत ऑगस्टअखेर ३७० घरांच्या किमती १० ते २५ टक्क्यांनी कमी केल्या होत्या. निवडणुकीच्या वर्षात किंमत सरळ उतरल्याचं ठळक उदाहरण एवढंच सापडेल, आणि ते सरकारी घरांचं आहे. सोडतीत नशीब बघायचं असेल तर उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र वगैरे निवडणुकीच्या चार-पाच महिने आधी तयार ठेवा, कारण जाहिरातीपासून अर्जाची मुदत घाईची असते.

करवजावट

धागा चांगला चाललाय. कराची बाजू राहिलीय, आणि घर विकणाऱ्यांना निवडणुकीनंतरच्या अर्थसंकल्पाचा सर्वांत मोठा झटका तिथेच बसला.

लोकसभेनंतर २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घराच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर २० टक्क्यांवरून १२.५ केला आणि महागाईचा निर्देशांक काढून घेतला. ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली: २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला दोन्ही पद्धतींतला कमी कर भरता येतो.

गणित करून बघा. २०१०-११ मध्ये ४० लाखांना घेतलं (निर्देशांक १६७), २०२५-२६ मध्ये एक कोटीला विकलं (निर्देशांक ३७६). निर्देशांक लावून खरेदी किंमत ९०.०६ लाख होते, नफा ९.९४ लाख, २० टक्क्यांनी कर सुमारे १.९९ लाख. निर्देशांकाविना नफा ६० लाख, १२.५ टक्क्यांनी ७.५० लाख. साडेपाच लाखांचा फरक. उलट ३० लाखांचं घर दीड कोटीला गेलं असेल तर जुन्या पद्धतीने १६.४९ लाख आणि नव्या पद्धतीने १५ लाख. भाव संथ वाढलेल्या जुन्या पेठांतल्या घराला निर्देशांक तारतो, झपाट्याने वाढलेल्या उपनगरात १२.५ टक्के बरे. दोन्हींवर उपकर वेगळा.

रेकनर वाढल्याचा आणखी एक परिणाम वर सुटलाय. रेकनरचं मूल्य करारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त झालं तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो आणि विकणाऱ्याचाही नफा रेकनरवर मोजतात. दस्तलेखकांच्या उदाहरणात ७० लाखांवर ७४.८८ म्हणजे जवळपास ७ टक्के, चालून जाईल. पण जुनी इमारत, लिफ्ट नाही, बाजारभाव मुळातच पडलेला, अशा ठिकाणी दोन-तीन वर्षांच्या वाढीत १० टक्क्यांची रेघ ओलांडली जाते. तिथे सही १ एप्रिलच्या आत करण्याला खरंच अर्थ आहे.

आणि एक मोठा बदल, ज्याची चर्चा फारशी होत नाही. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केल्यावर बहुतेक पगारदार तिकडे गेले. म्हणजे "कर वाचतो म्हणून घर घ्या" हा जुना हिशेब आता बहुतेकांना लागू नाही. विक्री कार्यालयातला माणूस तोच तक्ता अजून दाखवत असेल तर त्यातली करबचतीची ओळ खोडून पुन्हा बेरीज करा.

रोखीचं: आचारसंहितेत भरारी पथकं गाडीतली ५०,००० हून जास्त रोकड कागदपत्रांशिवाय सापडली तर जप्त करतात. टोकनची रक्कम रोख घेऊन निघू नका. तसंही मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो.

सातासमुद्रापार

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला वर लिहिलेला निर्देशांकाचा पर्याय मिळतो का? ठाण्यातलं वडिलोपार्जित घर विकण्याचा विचार करणारे बरेच जण असतात.

करवजावट

दादा, अनिवासी असाल तर तो पर्याय मिळत नाही, १२.५ टक्केच. पण २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, फक्त ते त्या दिवशीच्या रेकनरच्या वर जाऊ शकत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आधीच काढून ठेवा. दुसरं, अनिवासी विक्रेत्याच्या पैशातून खरेदीदार १ टक्का नाही, भांडवली नफ्याच्या दराने करकपात करतो, आणि बऱ्याचदा ती संपूर्ण किमतीवर केली जाते. म्हणून करारापूर्वी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्या. त्याला वेळ लागतो, तो धरून कराराची तारीख ठरवा.

वाळूघाट

जीएसटीवर कुणी बोललं नाही. निवडणूक आणि धोरण यांची गाठ तिथे सर्वांत स्पष्ट आहे.

१ एप्रिल २०१९ च्या आधी बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर प्रत्यक्षात १२ टक्के होता आणि बिल्डरला मालावरच्या कराची वजावट मिळायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये जीएसटी परिषदेने ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांना १ टक्का ठरवला, १० मार्चला लोकसभेची घोषणा झाली, तपशील ठरवणारी बैठक १९ मार्चला आचारसंहितेतच झाली आणि १ एप्रिलला दर लागू झाले. सगळीकडे "घर सात टक्क्यांनी स्वस्त" असा बोलबाला. झालं असं की बिल्डरची वजावट गेली, सिमेंटवरचे २८ आणि स्टीलवरचे १८ टक्के त्याच्या खर्चात जिरले आणि मूळ दर तेवढे वर सरकले. खरेदीदाराला मिळालं ते त्या सात टक्क्यांपेक्षा बरंच कमी.

त्याच हिशेबाने २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं, ते महत्त्वाचं आहे. वजावट नसल्यामुळे ती कपात थेट बांधकाम खर्चात दिसते. पुनर्विकास करणाऱ्या सोसायट्यांनी त्यानंतरच्या निविदांमध्ये जुने दरपत्रक स्वीकारू नये. स्टील मात्र १८ टक्क्यांवरच आहे.

पुणेकरांसाठी खास: १ टक्क्याच्या घराची किंमत सगळीकडे ४५ लाखांपर्यंतच, पण चटईक्षेत्राची मर्यादा महानगरांत ६० चौरस मीटर आणि इतरत्र ९०. या नियमात महानगर म्हणजे मुंबई महानगर प्रदेश, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद. पुणे त्यात नाही. म्हणजे पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापुरात ९० चौरस मीटरपर्यंत १ टक्का लागतो. विक्री कार्यालय ५ टक्के लावत असेल तर करारातलं चटईक्षेत्र दाखवा. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाहीच.

कॉलम बीम

वाळूघाट, सिमेंटबद्दल पूर्ण सहमत. फक्त सिमेंट कंपन्यांनी मूळ भाव किती वर नेला हेही बघावं लागतं. गोणीचा आजचा पोच भाव आणि सप्टेंबर २०२५ च्या आधीचा भाव, दोन्ही बिलं ठेकेदाराकडून मागून घ्या.

गावठाण

निवडणुकांचा सर्वांत खोल परिणाम मुंबईत दिसतो तो झोपडपट्टीच्या पात्रता तारखेत, आणि त्याचे परिणाम इमारतीतल्या फ्लॅटच्या पुरवठ्यावर होतात.

१९९५ च्या निवडणुकीत ४० लाख लोकांना मोफत घरांचं आश्वासन होतं. त्याच वर्षी झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) प्राधिकरण आलं आणि पात्रता १ जानेवारी १९९५ ठरली. पुढे २००४ च्या निवडणुकीत ती २००० करण्याचं आश्वासन आलं आणि २०१४ मध्ये, पुन्हा विधानसभेच्या तोंडावर, कायद्यात बसलं. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क घर, आणि २०२३ मध्ये त्याची किंमत अडीच लाख ठरली.

हे बाजाराला कसं लागतं? झोपु योजनेत बिल्डर झोपडीधारकाला घर देतो आणि त्याबदल्यात विक्रीचं चटईक्षेत्र मिळवतो. पात्रता यादी बदलली की पुनर्वसनाच्या घरांची संख्या बदलते, त्यासोबत विक्रीचा भागही बदलतो, नकाशे नव्याने मंजूर करावे लागतात. मधल्या काळात भाडं थकतं आणि काम थांबतं. अशा योजनेतला विक्रीचा फ्लॅट घेताना अंतिम झालेलं परिशिष्ट दोन (पात्र झोपडीधारकांची यादी), पुनर्वसन इमारतीचा टप्पा आणि झोपडीधारकांचं भाडं थकलेलं नाही ना, या तीन गोष्टी बघाव्यात. विक्रीच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र पुनर्वसनाच्या प्रगतीशी बांधलेलं असतं, हे बहुतेक खरेदीदारांना ताबा अडल्यावरच कळतं. भाडं थकलेली कुटुंबं वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात अडकतात, तीही याच बाजाराची किंमत मोजत असतात.

गुंठेवारीतही, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीतही, तेच. २००१ च्या कायद्यात १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं, २०२१ च्या दुरुस्तीत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची. "पुढच्या निवडणुकीत हेही नियमित होईल" या भरवशावर गुंठा घेणारे आजही आहेत. बँक त्यावर कर्ज देत नाही आणि तारीख पुढे सरकेल याची हमी कुणी लिहून देत नाही.

हप्तेवारी

गावठाण यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

पायाभूत कामांचं थोडक्यात. सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा ११ मार्च २०२४ ला उघडला आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी टप्पा ५ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभेच्या आचारसंहितेच्या दहा दिवस आधी. कफ परेडपर्यंतची गाडी पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. मुंबईच्या पाच नाक्यांवरची हलक्या वाहनांची टोलमाफीही विधानसभेच्या आचारसंहितेच्या आदल्या दिवशीची. उद्घाटनाच्या बातमीवर दर चौरस फुटाला पाचशे-हजार चढवले जातात. तुमच्या स्थानकापर्यंतचा टप्पा कोणत्या महिन्यात चालू होणार, एवढंच विचारा. आणि टोल एका सहीने माफ झाला तसा एका सहीने परतही येऊ शकतो, त्याच्या बचतीवर वीस वर्षांचं कर्ज बेतू नका.

नवी सही

शेवटचा प्रश्न. पुण्यात ८० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट. हातात नक्की किती रक्कम लागेल?

हप्तेवारी

कर्ज ३० ते ७५ लाखांत बसतं, म्हणून बँक जास्तीत जास्त ८० टक्के देईल: ६४ लाख. तुमचे १६ लाख. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, ५.६० लाख (फक्त महिलेच्या नावावर असेल तर ४.८० लाख). नोंदणी ३०,०००. जीएसटी ५ टक्के, ४ लाख. बेरीज २५.९० लाख. मुद्रांक आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, जीएसटी धरते का ते बँकेकडून लेखी घ्या. धरला तर कर्ज ३.२० लाखांनी वाढू शकतं.

किंमत ५० लाखांहून जास्त आहे म्हणून प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कर कापून तुम्हालाच भरायचा आहे, कपात केलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांत. तो बिल्डरच्या पैशातला आहे, जास्तीचा नाही. बँक थेट बिल्डरला रक्कम सोडते तेव्हा हा १ टक्का कुणी कापायचा यावरून घोळ होतो आणि वर्षभराने विलंब शुल्काची नोटीस खरेदीदाराला येते. पहिला हप्ता सुटण्याआधी बँकेच्या अधिकाऱ्याकडून हे ठरवून घ्या.